कानाचं मशीन घेताय? आधी या चुका टाळा

आमच्या सोसायटीत कोणाला ऐकू कमी यायला लागलं की फोन मला येतो, कारण बाबांच्या कानापायी मी पुण्यात किती हिंडलीये ते सगळ्यांना माहितीये. पण फोन येतो तो मशीन घेऊन झाल्यावर. "अगं क्लेम रिजेक्ट झाला, आता काय करू?" काय करणार, कप्पाळ!

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'मोफत कान तपासणी' ही पाटी वाचून आत शिरणं. आम्ही पण शिरलो होतो. बाबांचा टीव्ही शेजारच्यांना ऐकू जायला लागला म्हणून एका रविवारी गेलो, दुकानातल्या पोराने हेडफोन लावला, शेजारी मिक्सरएवढा आवाज करणारा एसी चालू, दहा मिनिटांत लॅपटॉपवर आलेख दाखवून म्हणतो, "काका, दोन्ही कान गेलेत, उशीर करू नका." आम्ही घाबरलो आणि ६८ हजारांची जोडी १२ हप्त्यांवर घेऊन घरी. तीन आठवड्यांनी उजवा कान दुखायला लागला म्हणून ईएनटीकडे नेलं, तर त्यांनी कानात नुसता टॉर्च मारून बघितलं आणि हसले. मळ! करवंदाएवढी काळी गोळी निघाली, खोटं नाही सांगत. परत नीट टेस्ट केली तर उजवा कान वयाच्या मानाने बराच बरा निघाला, मशीनची गरज फक्त डाव्याला होती. दुकानदाराने परत घेतलं नाही, "एक्स्चेंज करतो" म्हणाला.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे, आधी ईएनटी, कान साफ, मग ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे किती ऐकू येतं ते मोजणारा तज्ज्ञ. टेस्ट बंद, आवाज न येणाऱ्या खोलीत झाली पाहिजे, आणि हेडफोननंतर कानामागच्या हाडावर एक छोटं यंत्र टेकवून परत आवाज ऐकवले पाहिजेत. बहिरेपण आतल्या नसेचं आहे की मळ, पडदा, पाणी असल्या बाहेरच्या अडथळ्याचं, हे त्यावरूनच कळतं. रिपोर्ट हातात आला की बघा, लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा, आणि हाडाच्या टेस्टच्या कंसासारख्या खुणा वेगळ्या असतात. त्या खुणाच नसतील तर अर्धीच टेस्ट झालीये, पैसे बाहेर काढू नका. आमच्या पहिल्या रिपोर्टवर नव्हत्या. आम्हाला कुठे काय माहिती!

समोरचा माणूस ऑडिओलॉजिस्ट आहे की सेल्समन, हे विचारायला लाजू नका. भारतात त्यांची नोंदणी आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नंबर मागा आणि त्यांच्या साइटवर टाकून बघा. खरा असेल तो रागवत नाही. मुंबईकरांना तर बांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, नायर हॉस्पिटल आहे, पुण्यात भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजी कॉलेज आहे. रांग असते हो, पण रांगेला कंटाळून ६८ हजार घालवणाऱ्यांनी तरी मला रांगेबद्दल सांगू नये.

आता इन्शुरन्स. "मेडिक्लेम आहे ना, कव्हर होईल" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. साधा मेडिक्लेम हॉस्पिटलात भरती झाल्यावर पैसे देतो. कानाची टेस्ट होते ओपीडीत, आणि मशीन बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेल्या गोष्टींच्या यादीत असतं, चष्म्याच्या शेजारीच. आमच्या एजंटने "होऊन जाईल हो" म्हणून सांगितलं होतं, तोंडी. टीपीएचं, म्हणजे क्लेम तपासणाऱ्या कंपनीचं, नकाराचं पत्र आलं तेव्हा तो लग्नाला गेला होता. तेव्हापासून मी एजंटला विचारतच नाही, पॉलिसीची पीडीएफ उघडते, 'हिअरिंग' शब्द शोधते आणि कंपनीला मेल टाकते, टेस्ट मिळेल का, मशीन मिळेल का, किती, कोणाच्या चिठ्ठीवर. उत्तर लेखी आल्याशिवाय काही घेत नाही. चार दिवस लागतात, कान तेवढ्यात पळून जात नाही.

ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडी असेल तर टेस्टचे पैसे कधीकधी मिळतात, पण डॉक्टरची चिठ्ठी बिलाच्या आधीच्या तारखेची हवी. आणि हॉस्पिटल इन्शुरन्स कंपनीच्या नेटवर्कमध्ये आहे म्हणजे आतला ऑडिओलॉजीवाला पण असतोच असं नाही, तो बऱ्याचदा भाड्याने बसलेला, बिल त्याच्या स्वतःच्या नावाचं. बिल कोणाच्या नावाने फाटणार हे काउंटरवर आधी विचारा.

मेडिक्लेम नसलेल्या साठीपुढच्यांना जुन्या कररचनेत ५० हजारांपर्यंतचा औषधपाण्याचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा मिळतो, रोख दिला असेल तर नाही. ६५ च्या पुढे आणि घरचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३,००० रुपये आहेत, त्यात चांगलं मशीन येत नाही पण सोडू नका. मशीनवर जीएसटी लागत नाही, कोणी लावला तर भांडा.

एका कानाने अचानक, एका रात्रीत ऐकू यायचं बंद झालं तर हे सगळं वाचत बसू नका, त्याच दिवशी ईएनटी गाठा.

ऑडिओलॉजिस्ट घराजवळचाच बघा. ब्रँडपेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण पहिल्या दोनतीन महिन्यांत आवाज कमीजास्त करायला चारपाच चकरा होतातच. ज्यांना पहिल्याच दिवशी सगळं स्पष्ट ऐकू यायला हवं असतं त्यांचं मशीन महिन्याभरात ड्रॉवरमध्ये जातं. सुरुवातीला भांड्यांचा आवाज डोक्यात जातो, बाबा तर आईवर ओरडायचे की ताटं आपटू नकोस, ती बिचारी चमचा ठेवत असायची.

बाबांचं डावं मशीन छान चालू आहे. उजवं डबीत पडून आहे, हप्ते मात्र १२ च्या १२ भरले.