आवडलेलं वाक्य पुन्हा सापडावं म्हणून

वाचताना एखादं वाक्य भिडतं. महिन्याभराने ते कुणाला वाचून दाखवावं म्हटलं, तर अख्खं पुस्तक चाळूनही सापडत नाही. 'डाव्या पानावर, खाली कुठेतरी होतं' एवढंच आठवतं.

पुस्तकाच्या शेवटी बहुधा एखादं कोरं पान असतं. वाक्य आवडलं की तिथे पेन्सिलीने पान क्रमांक आणि दोनच शब्द लिहा: '८७, आजीची ट्रंक'. मूळ पानावर समासात फक्त एक बारीक टिंब. रेघा मारत बसू नका. दुसऱ्यांदा वाचताना डोळा तिथेच अडकतो. (पेन्सिलीचा बोटभर तुकडा उशाशी असू द्या. शोधायला उठावं लागलं की आपण लिहीत नाही, हा स्वानुभव.)

पुस्तक वाचनालयाचं असेल, तर जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूची एक पट्टी कापून घ्या. वाचनखूणही तीच, यादीही तीच. परत करण्याआधी ती यादी वहीत उतरवा, वर पुस्तकाचं नाव घालायला विसरू नका.

बॉलपेन मात्र नको, त्याचा दाब मागच्या पानावर उमटतो. आणि पिवळ्या पडलेल्या जुन्या कागदाला चिकट चिठ्ठ्या लावू नका. काढताना अक्षरांसकट पापुद्रा निघून येतो.