मोटरसायकलचं इंजिन बसवायला स्वस्त गाडी: आधी मागचा एक्सल बघा

इंजिन ठरलंय असं धरून चालू: ६००-६५० सीसी, चार सिलिंडर, रेडिएटरवालं. एअर-कूल्ड इंजिनाचा विचार सोडा. बंद डब्यात त्याला वारा मिळत नाही आणि दहा मिनिटांत ते भाजून निघतं.

गाडी शोधताना बहुतेक जण बॉनेट उघडून टेप लावतात आणि चूक तिथेच होते. इंजिनाला जागा करता येते, पत्रा कापता येतो. पण इंजिनाची ताकद चाकापर्यंत कशी पोचणार, हे गाडीच्या मूळ रचनेवर ठरतं. ती रचना बदलायला गेलात की स्वस्त गाडी महाग होते.

कायद्याचं आधी बघा. ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. ‘पासिंग करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका. गाडी ट्रॅकवर किंवा खासगी जमिनीवरच चालवायची आणि ट्रेलरवरून न्यायची. तरीही बिनकागदाची गाडी घेऊ नका. चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा, कर्जाचा बोजा उतरलाय याची खात्री करा आणि गाडी नावावर करून घ्या.

आता गाड्या. मारुती ८०० आणि झेन हलक्या आहेत, स्वस्त आहेत आणि या कामाला निरुपयोगी आहेत. दोन्ही फ्रंट-व्हील ड्राइव्ह, डिफरेन्शियल (ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरांचा संच) गिअरबॉक्सच्याच पोटात. बाइकच्या इंजिनात त्याचा स्वतःचा गिअरबॉक्स असतो, म्हणून गाडीचा काढावा लागतो; आणि तो काढला की डिफरेन्शियलही गेलं. नॅनोचं इंजिन मागे आहे म्हणून मोह होतो, पण अडचण तीच. चेनवर चालणारं वेगळं डिफरेन्शियल आणावं लागतं आणि ते अख्ख्या नॅनोपेक्षा महाग पडू शकतं. जिप्सी जड आणि महाग. पद्मिनी रचनेने चालेल, पण धड राहिलेल्या पद्मिन्या आता कापू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहते ओम्नी. मागे दोन चाकांना जोडणारा अखंड एक्सल, त्यात डिफरेन्शियल, खाली पाटे (लीफ स्प्रिंगा), मधे गिअरबॉक्सची ताकद एक्सलपर्यंत नेणारा प्रोपेलर शाफ्ट. पहिल्या प्रोजेक्टला हीच घ्या, आणि शक्यतो इंजिन जाम होऊन बंद पडलेली. जे इंजिन काढूनच टाकायचंय त्याचे पैसे कशाला द्यायचे?

सगळ्यात जास्त वेळ खाणारं आणि सगळ्यात जास्त लोकांचं चुकणारं काम म्हणजे इंजिनाची दिशा आणि शाफ्टची रेषा. गाडी विकत घेण्याआधीच, ती समोर उभी असताना, हे मोजायचं.

बाइकमध्ये चेनचं स्प्रॉकेट डाव्या बाजूला असेल, तर इंजिन नव्वद अंशात असं फिरवायचं की ती डावी बाजू गाडीच्या मागच्या दिशेला येईल. स्प्रॉकेटच्या जागी अ‍ॅडॅप्टर लावून प्रोपेलर शाफ्ट जोडता येतो आणि शाफ्ट योग्य दिशेनेच फिरतो. उजव्या बाजूला चेन असलेलं इंजिन असं बसवलंत तर शाफ्ट उलटा फिरेल आणि गाडीला सहा रिव्हर्स गिअर मिळतील. असं इंजिन घेऊच नका.

इंजिन असं फिरवल्यावर एक्झॉस्ट गाडीच्या डावीकडे येतो आणि इंजिनाचं बहुतेक अंग स्प्रॉकेटच्या रेषेच्या डावीकडे जातं. स्प्रॉकेट तर एक्सलच्या पिनियनच्या (शाफ्ट ज्याला जोडतो त्या छोट्या गिअरच्या) रेषेत हवं. म्हणजे डावी सीट गेली. हे आधीच मान्य करा. दोन सीट वाचवायच्या म्हणून इंजिन मागे सरकवणारे फसतात, कारण शाफ्ट आखूड होतो. एक्सल १०० मिलिमीटर वर-खाली झाला तर एक मीटरच्या शाफ्टचा कोन जेमतेम ६ अंशांनी बदलतो, अर्ध्या मीटरच्या शाफ्टचा साडेअकरा अंशांनी. तेवढ्या कोनात शाफ्टच्या टोकांच्या जॉइंटचे क्रॉस कायम मार खातात, गाडी थरथरते आणि शेवटी अ‍ॅडॅप्टरचे बोल्ट तुटतात. ओम्नीचा व्हीलबेस मुळातच १८४० मिलिमीटर आहे, तेव्हा इंजिन जमेल तितकं पुढे ठेवा. इंजिनाच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं घेऊन जा, त्यावर स्प्रॉकेटचं केंद्र खुणेने दाखवा आणि ते गाडीत ठेवूनच टेप लावा. स्प्रॉकेटचा अक्ष आणि पिनियनचा अक्ष समांतर यायला हवेत. एका अंशापेक्षा जास्त फरक नको.

आणखी एक गोष्ट. मूळ शाफ्ट जिथे गिअरबॉक्सच्या शेपटीत आत-बाहेर सरकतो, ती सोय गिअरबॉक्सबरोबर जाते. नव्या शाफ्टमध्ये सरकता स्प्लाइन (खाचांवर आत-बाहेर होणारा जोड) घातलाच पाहिजे, नाहीतर पहिल्या खड्ड्यात एक्सल इंजिनाला धक्का देईल आणि केसिंग फुटेल. बाइकला रिव्हर्स नसतो, म्हणून गाडी मागे घ्यायला शाफ्टजवळ स्टार्टर मोटर आणि रिंग गिअर बसेल एवढी जागाही सोडा.

मग एक्सलचा रेशो, म्हणजे दोन्ही चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे होतात ते. एक मागचं चाक अडवा, दुसरं उचलून बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. तोच रेशो. आकडा मोठा आला तर खूश व्हा. प्रायमरी (इंजिन ते क्लच) रेशो १.९, सहावा गिअर १.१५ आणि एक्सल ५.१ धरला, तर १०,००० आरपीएमला १४५/८० आर १२ टायरवर ताशी ९० किलोमीटर येतात. ३.७ च्या एक्सलवर १२५ येतील, पण क्लच जळेल. त्या क्लचने आजवर बाइक आणि स्वार मिळून तीनशे किलोच्या आतबाहेर वजन हलवलंय. इथे त्याच्यावर साताठशे किलो पडणार आहेत. छोट्या ट्रॅकला नव्वद पुरतात. नव्या प्लेटा आणि कडक स्प्रिंगा तरीही घालाच.

पत्रा तपासायला स्क्रूड्रायव्हर आणि लोहचुंबक पुरे. सीटखालची फ्लोअर, सरकत्या दाराची खालची पट्टी आणि पाट्यांचे हँगर टोचून बघा. हँगर सडला असेल तर तिथूनच परत या. किनारपट्टीवरची गाडी टाळा; सोलापूर-लातूरकडची बघा.

संपखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) किमान १२० मिलिमीटर मोकळे राहतील का, हेही खोक्यावरच तपासा. बाइक वळणात झुकते म्हणून तेल तळाशीच राहतं. गाडी झुकत नाही, तेल एका बाजूला चढतं, पंप हवा ओढतो आणि बिग-एंडचे (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथले) बेअरिंग जातात. संपमध्ये आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्याव्याच लागतील. संप आहे त्यापेक्षा खोल करायचा विचार असेल तर तेवढी उंची आत्ताच धरा.

ओम्नीत चालकाचे पाय गाडीच्या नाकाशी असतात. म्हणून चालकाभोवती पाइपांचा पिंजरा आणि इंजिनाभोवती पत्र्याची बंद पेटी यांचा खर्च गाडीच्या किमतीत मिळवूनच भाव करा. जुना गिअरबॉक्स आणि रेडिएटर कुर्ल्याला विकले जातात, तेवढे पैसे त्यातून वजा धरा.