अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या बँकांच्या नोटा जमवायच्यात? मग हे वाचा

१८६३ ते १९३५ या काळात अमेरिकेतल्या अगदी आडगावच्या बँकासुद्धा स्वतःच्या नावाच्या नोटा काढायच्या, म्हणजे बँकेने सरकारी रोखे वॉशिंग्टनला तारण ठेवायचे आणि सरकारने त्या बँकेचं नाव, गाव आणि चार्टर नंबर (सरकारने त्या बँकेला दिलेला परवान्याचा क्रमांक) टाकून नोटा छापून द्यायच्या, खाली प्रेसिडेंट आणि कॅशियरची सही. जमवणारे ह्यांना नुसतं 'नॅशनल' म्हणतात.

सुरुवात १९२९ च्या सिरीजने करा, ह्या आजच्या डॉलरएवढ्या छोट्या नोटा आहेत, शिक्का तपकिरी, आणि चार्टर नंबर काळ्या शाईत डावी-उजवीकडे उभा छापलेला. नोटेचा सिरियल नंबर तपकिरीच असतो, त्याच्या शेजारी चार्टर नंबर पुन्हा तपकिरीत दिसला तर ती टाइप टू, नसेल तर टाइप वन. पण एक सांभाळा, त्याच सिरीजमध्ये फेडरल रिझर्व्ह बँकांच्या नोटासुद्धा तपकिरी शिक्क्याच्याच आहेत आणि नवीन माणूस हमखास तिथे फसतो. चार्टर नंबर नाही म्हणजे ती नॅशनल नाही, विषय संपला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नोट जुनी आहे किंवा मोठ्या रकमेची आहे म्हणून ती दुर्मीळ होत नाही, त्या बँकेच्या किती नोटा आज शिल्लक आहेत त्यावर सगळं ठरतं. न्यूयॉर्क-शिकागोच्या मोठ्या बँकांच्या दहा-वीसच्या नोटा ढिगाने मिळतात, आणि एखाद्या खेड्यातल्या बँकेच्या जेमतेम दोन-तीनच माहीत असतात, दिसायला दोन्ही सारख्याच! म्हणून विकत घेण्याआधी चार्टर नंबर घेऊन नॅशनल करन्सी फाउंडेशनच्या सेन्ससमध्ये, म्हणजे शिल्लक असलेल्या नोटांच्या यादीत, किती नोंदी आहेत ते बघा, आणि मग जुन्या लिलावांत तीच बँक कितीला गेली ते बघा. विकणारा 'रेअर' म्हणतोय एवढ्यावर कधीच जाऊ नका.

टाइप वनच्या सिरियल नंबरात अजून एक गंमत आहे. नंबर छापताना एका शीटवर सहा नोटा असायच्या आणि सहाही नोटांवर आकडा एकच, फक्त सुरुवातीचं अक्षर ए ते एफ बदलायचं. म्हणजे आकडा १ असेल तर ती त्या बँकेच्या पहिल्या शीटमधली नोट, आणि अशा नोटेला जमवणारे जास्त पैसे मोजतात.

कंडिशनबद्दल मात्र खेड्याच्या नोटांना थोडी सूट द्या, त्या दुकानांतून, शेतकऱ्यांच्या खिशांतून फिरल्यात, करकरीत मिळणं अवघडच. घड्या असल्या तरी चालतील पण धुतलेली, इस्त्री केलेली नको. मी एकदा अशी घेऊन बसलोय, समोरून सुंदर दिसत होती, घरी येऊन दिव्याखाली तिरकी धरली तर मधोमध घडीची पुसट रेघ आणि कागद अगदी निर्जीव सपाट. तेव्हापासून हातात तिरकी धरून बघितल्याशिवाय किंवा पीएमजीसारख्या (नोटा तपासून दर्जा ठरवणाऱ्या) कंपनीकडून ग्रेड झालेली असल्याशिवाय मी मोठे पैसे घालत नाही. १९२९ च्या आधीच्या मोठ्या आकाराच्या नोटांवर पुष्कळदा पेनने केलेल्या सह्या असतात, त्या उडून फिक्या होतात, आणि कोणीतरी त्या नव्या शाईने गिरवून ठेवलेल्या असतात. फिकी सही चालेल, गिरवलेली नको.

ठेवायला मायलार नावाच्या प्लास्टिकचे कव्हर वापरा, पीव्हीसीवाली स्वस्त पाकिटं नको, आणि सेलोटेप तर चुकूनही नाही.

आणि सगळी अमेरिका जमवायला जाऊ नका, हजारो बँका आहेत, एक काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) धरा. मी राहतो त्याच काउंटीचं जमवतो आणि त्यामुळे नोटेवरच्या कॅशियरचं नाव घेऊन लायब्ररीत जुने पेपर चाळता येतात. माझ्याकडच्या एका दहाच्या नोटेवर ज्या बँकेचं नाव आहे तिच्या इमारतीत आता केस कापायचं दुकान आहे, पण दारावर दगडात कोरलेलं 'फर्स्ट नॅशनल बँक' अजून स्पष्ट वाचता येतं.