आजी-आजोबांच्या डंकाचा इतिहास कसा लिहावा

माझ्या आजी-आजोबांनी सांगलीत हळद-मिरची कुटण्याचा डंक चालवला. त्यांची हकीगत लिहायला बसलो तेव्हा मी आजीला "तुझ्या आयुष्याबद्दल सांग" असे म्हणालो, आणि "काय सांगायचं, कष्टच केले" एवढे बोलून ती उठली. पुढे "चटणीच्या दिवसांत सकाळी सगळ्यांत आधी काय कुटायचीस?" असे विचारले, तेव्हा ती दोन तास बोलली: आधी हळद, कारण मिरचीनंतर कुटली तर ती तिखट होते, मग मिरची, आणि नाकाला पदर बांधूनही ठसका चुकत नसे. म्हणून आयुष्याबद्दल न विचारता कामाच्या एका दिवसाबद्दल विचारावे.

वर्षे कुणाला आठवत नाहीत, घटना आठवतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, २००५ चा महापूर, असे टप्पे समोर ठेवून "त्याच्या आधी की नंतर?" असे विचारल्यास काळ बराच नेमका कळतो. आमचा डंक भूकंपाच्या आदल्या वर्षी बसला, हे असेच समजले. शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख मात्र ताडून घ्यावी. १ जून दिसली तर ती बहुधा गुरुजींनी घातलेली असते.

जुन्या कागदावर "जिल्हा दक्षिण सातारा" असे आढळले तर आपले घराणे साताऱ्याहून आले, असा निष्कर्ष काढू नये. सांगली संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि त्यालाच १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. शेतजमीन असल्यास सातबाऱ्यावरील फेरफार क्रमांक टिपून जुने फेरफार काढावेत, कारण वाटणी, खरेदी आणि वारसनोंद यांचा क्रम तिथे मिळतो. कागद जुन्या मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावा.

हिशेबाच्या वह्यांत घाई करू नये. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे होते, पण बोलण्यात "चार आणे" पुढेही २५ पैशांसाठी टिकले. त्यामुळे केवळ त्या शब्दावरून काळ ठरवता येत नाही. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि मण ४० शेरांचा. पुरात भिजलेली वही उन्हात न ठेवता सावलीत, पानांमध्ये टीपकागद घालून वाळवावी.

सर्वांत अधिक वेळ मात्र बाईच्या वाट्याच्या कामासाठी राखून ठेवावा. आमच्याकडे परवाना, वीजबिल, भाडेपावती सारे आजोबांच्या नावावर आहे, आणि कागदांवरच विसंबलो असतो तर आजी या धंद्यात नव्हतीच असे ठरले असते. तिचा माग उधारीच्या वहीत लागला. "वहिनींकडे दिले" अशा नोंदी पानोपानी होत्या, कारण दुपारी गल्ल्यावर तीच बसत असे. घरातल्या वह्यांत अक्षर कुणाचे आहे, हेही पाहावे.

आठवणी जुळल्या नाहीत तर मधला मार्ग काढू नये. डंकाचे भांडवल पाटल्या मोडून उभे राहिले असे आजी म्हणते, तर आजोबांनी ते उसने आणले असे आत्या सांगते. मी दोन्ही हकिगती, सांगणारीच्या नावासह आणि सांगितल्याच्या तारखेसह, शेजारी-शेजारी लिहिल्या आहेत.