आधी भंगाराचा भाव ठरवा

माझ्या पहिल्या विज्ञानकथेतलं यान ‘अभेद्य’ धातूचं होतं. नाशकातल्या अंबडला आमच्या हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे धातू तापवून कडक करायच्या, शॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत ती मी वाचून दाखवली. लेथवरचे काका भाकरी मोडता मोडता म्हणाले, “अभेद्य ना? मग दाराचं भोक कशानं पाडलंस रे?” कथा तिथंच संपली.

तेव्हापासून कथेसाठी काल्पनिक पदार्थ रचताना त्याची ताकद मी सगळ्यात शेवटी ठरवतो. आधी तीन प्रश्न: कापतात कशानं, जोडतात कशानं, आणि भंगारात किलोला काय भाव मिळतो?

ताकद फुकट मिळत नाही, हे भट्टीवर रोज दिसायचं. लालबुंद जॉब, म्हणजे पोलादाचा भाग, तेलात बुडवला की कडक होतो, पण ठिसूळही होतो. मग पुन्हा तापवून थोडा कडकपणा सोडून द्यायचा, तेव्हा तो धक्का सोसतो. तुमच्या पदार्थानंही काहीतरी सोडलेलं दिसू द्या.

घनताही लिहून ठेवा. एका घन सेंटिमीटरला पोलाद ७.८५ ग्रॅम, टायटॅनियम ४.५, अॅल्युमिनियम २.७. यातल्या कुणाच्या जवळ बसवायचा ते ठरलं की नायक तो उचलेल की क्रेन लागेल हे आपोआप कळतं.

आता थापेचं. थाप एकच मारायची, बाकी सगळं खरं. खऱ्या जगात कमी गमती नाहीत: गॅलियम ३० अंशांच्या आतच वितळतो, म्हणजे नाशकात एप्रिलमध्ये टेबलावर त्याचं थारोळंच होणार. आणि तो अॅल्युमिनियममध्ये मुरला की चांगली जाड पट्टी बिस्किटासारखी मोडते.

माझा एक पदार्थ सांगतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आपल्याच काळ्या दगडाच्या पोकळ्यांत वाढलेले झिओलाइटचे स्फटिक आहेत. १७५६ साली क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसानं असा दगड तापवला, तर त्यातून वाफ निघून तो उकळल्यासारखा फसफसला. झिओलाइट हे नाव त्यावरून पडलं, ग्रीकमध्ये ‘उकळणारा दगड’. आतल्या बारीक छिद्रांत पाणी बसतं, तापवलं की निघतं. पूर्ण सुकवायला मात्र दोन-तीनशे अंश लागतात.

माझी थाप एवढीच: साठ अंशांत सगळं पाणी सोडणारा झिओलाइट. मंगळावरच्या वसाहतीत त्याच्या भिंती. माणसांच्या श्वासातली वाफ रात्रभर शोषायची, दुपारी आरशांनी ऊन पाडून पाणी काढायचं. शंभर किलोला वीस लिटर धरलं.

मग खोडी शोधल्या. झिओलाइट पाणी पिताना गरम होतो, हे खरंच आहे. म्हणून खोलीत गर्दी झाली की भिंत कोमट लागते. तो अमोनियाही धरून ठेवतो, म्हणजे घाम-मुताचा दर्पसुद्धा. रोज फुगून-आकसून त्याला तडे जातात, भुकटी पडते, झाडू मारणारे वैतागतात. प्रयोगशाळेनं दिलेलं नाव लांबलचक. कामगार म्हणतात ‘पखाल’. शॉपमध्ये आम्ही तरी कधी ‘स्टेनलेस स्टील’ म्हणालो? एसएस!

आणि भंगार? पखाल ओली विकली तर सुक्या शंभर किलोमागे वीस किलो पाण्याचेच पैसे. म्हणून भंगारवाला तोलण्याआधी ती भाजून घेतो. माझ्या कथेत दहा वर्षं रिकामी म्हणून नोंदवलेल्या खोलीची भिंत भट्टीत जाते, आणि भंगारवाला नाकाला फडकं लावून म्हणतो, “इथं कुणीतरी राहत होतं.”