सरांच्या नावाचा पुरस्कार : नव्या मंडळींच्या हाती देताना

यंदापासून हे काम तुमच्याकडे आलं. परवाच्या बैठकीत मी जे सांगितलं त्यातलं निम्मं चहाबरोबर गेलं असेल, आणि निम्मं मीच सांगायचं विसरलो. म्हणून एकदा सगळं लिहून देतो. आकडे घालून यादी केलेली नाही. आकडे दिसले की माणूस पुढे बरोबरच्या खुणा करत सुटतो आणि काम राहून जातं, हे मी स्वतःवरून सांगतो.

सर आपल्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि ड्रॉइंग शीटच्या पाठीमागे कविता लिहायचे. म्हणून पुरस्कार दोन आहेत, एक कवितेचा आणि एक चित्राचा, आणि त्याबरोबर तीन दिवसांचं प्रदर्शन. ते का, असं दरवर्षी कोणीतरी विचारतं. आता उत्तर तुम्ही द्यायचं.

सगळ्यात आधी तारीख. सर गेले मे महिन्यात, म्हणून पहिल्या वर्षी पुण्यतिथीलाच कार्यक्रम ठेवला. जळगाव-भुसावळकडचा मे तुम्हाला माहीत आहे, पारा पंचेचाळिसाला टेकतो. ऑइल पेस्टलची चित्रं काचेला चिकटली आणि प्रेक्षक मंडपाबाहेर रसवंतीवर. तेव्हापासून पुण्यतिथी सरांच्या घरी होते आणि पुरस्कार थंडीत. थंडीतही तारीख जपून धरा. ३ डिसेंबरला बहिणाबाईंचा स्मृतिदिन, त्या दिवशी जळगावकडचे वक्ते मिळत नाहीत. दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, तेव्हा शहादा-दोंडाईचाकडचा माणूस येणार नाही. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, म्हणजे सगळे परीक्षक कुठे ना कुठे बुक. फेब्रुवारीपासून बारावी-दहावीच्या परीक्षा, मग शाळेचे बाक आणि मुलं दोन्ही गेली. उरतात डिसेंबरचे मधले रविवार आणि जानेवारीचा पहिला आठवडा. त्यातला आपल्या गावाच्या बाजाराचा वार वगळा. कापसाची वेचणी कुठवर आली तेही विचारून घ्या. आपले निम्मे कवी शेतात असतात.

पैशाचं थोडक्यात. पुरस्काराची रक्कम ठेवीच्या व्याजातूनच द्यायची, कार्यक्रमाचा खर्च वर्गणीतून. दोन लाखांवर सात टक्के धरले तर वर्षाचे चौदा हजार. पाच-पाच हजारांचे दोन पुरस्कार आणि उरलेल्या चार हजारांत लांबून येणाऱ्यांचं एसटी-रेल्वेभाडं. वर्गणी कमी पडली म्हणून ठेवीला हात लावायचा नाही, मंडपवाला कितीही ओरडला तरी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली आपली नोंदणी आहे, तेव्हा हिशेब वेळेवर धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. आयकर सवलतीसाठी पावती मागणाऱ्या देणगीदाराला आधीच सांगा की दोन हजारांच्या वर रोख दिली तर सवलत मिळत नाही. पावती फाडल्यावर सांगितलं की भांडण होतं.

आता मुख्य काम, नियमावली. इथे घाई करू नका. नवोदित कोणाला म्हणायचं, यावर आमची पहिली बैठक रात्री अकरापर्यंत चालली होती. कोणी म्हणालं पस्तिशीच्या आतले. कोणी म्हणालं पहिलं पुस्तक छापलेले. मग आमच्यातल्या एका आप्पांनी विचारलं, की या दोन्ही चाळण्यांतून बहिणाबाई खाली पडतात की नाही? सगळे गप्प. आसोद्याची ही बाई, जन्म १८८०चा. लिहिता-वाचता येत नव्हतं. घरोट्यावर, शेतात ओव्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव व घरातली माणसं त्या टिपून घ्यायची. १९५१ साली त्या गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे हयातीत त्यांच्या नावावर पुस्तक नाहीच. ‘पुस्तकाच्या तीन प्रती आणि लेखकाचा परिचय पाठवावा’ असा नियम असता तर त्यांची प्रवेशिका टपालातच पोचली नसती. दुसरीकडे धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. सोळा-सतरा वर्षांच्या पोराची कविता ऐकून त्यांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. पुढे १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली तो गेला तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. त्याचं कौतुक आणखी दहा वर्षं थांबवलं असतं तर ते ऐकायला तो नव्हता.

म्हणून आपल्या नियमात वय नाही आणि पुस्तकाची अट नाही. दहा कविता, हस्तलिखित चालतं, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याच्या वतीनं दुसऱ्यानं उतरवून पाठवलेल्याही चालतात, मात्र सोबत त्या माणसाच्या आवाजातलं रेकॉर्डिंग हवं. ही शेवटची अट माझी. ती काढू नका. दोन वर्षं त्यावर कोणी आलं नाही, तिसऱ्या वर्षी पारोळ्याकडच्या एक आजी आल्या आणि त्यांच्या गाण्यांनी हॉल डोक्यावर घेतला. बक्षीस मिळालं नाही, तो भाग वेगळा.

नियमावली दुसऱ्या कुठल्या स्पर्धेवरून उतरवून घेऊ नका. त्यात हमखास एक ओळ असते, ‘प्रवेशिकांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील.’ ती खोडा. कॉपीराइट अधिनियम १९५७चा आहे, लिहिणाऱ्याचा हक्क लिहिणाऱ्याकडेच राहू द्या. आपल्याला स्मरणिकेत एकदा छापायची परवानगी हवी, तेवढीच मागा. प्रवेश शुल्क घेऊ नका. तशी सूचना येईल, ‘शंभर रुपये ठेवले तर फालतू प्रवेशिका येणार नाहीत’ म्हणून. धडगावहून कविता पाठवणाऱ्या पोराला शंभर रुपये म्हणजे काय ते सूचना करणाऱ्यांना विचारा.

प्रवेशिका यायला लागल्या की भाषेचा प्रश्न येतो. आपल्याकडे अहिराणी येते, लेवा गणबोली येते, नंदुरबारकडून भिली आणि पावरी येते, आणि प्रमाण मराठी तर आहेच. एका वर्षी बाहेरगावच्या परीक्षकांनी एका पोरीच्या कवितेत ‘डोया’, ‘शाया’ अशा शब्दांना लाल गोल केले. शुद्धलेखनाचे गुण कापले! ळचा य होतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे मीच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून परीक्षकांना पाकिटासोबत एक पान जातं, त्यात या बोलींची चार-चार वैशिष्ट्यं लिहिलेली असतात. ते पान माझ्या फाइलीत आहे. तीन परीक्षकांपैकी एक तरी घरात बोली बोलणारा असावा. आणि बहिणाबाईंची भाषा अहिराणी, असं स्मरणिकेत कोणी लिहिलं तर लगेच दुरुस्त करा. ती लेवा गणबोली. यावरून पत्रं येतात.

फॉन्टचं विसरू नका. डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेली कविता जुन्या फॉन्टात येते, आपल्या मशीनवर उघडली की नुसती चिन्हं. युनिकोड आणि सोबत पीडीएफ, दोन्ही मागा. हस्तलिखित असेल तर फोटो नको, स्कॅन किंवा मूळ कागद. टपालानं पाठवणाऱ्यांना रजिस्टर पोस्ट लिहू नका, सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टात मिसळलं. कवितांवरची नावं झाकून क्रमांक टाकण्याचं काम अशा माणसाला द्या ज्याचा साहित्याशी काही संबंध नाही. आमच्याकडे हे काम किराणा दुकानवाले नाना करतात. त्यांना कोण कोणाचा शिष्य ते ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची हौसही नाही. परीक्षकांना किमान सहा आठवडे द्या आणि मानधन पाकिटात घालून कार्यक्रमाआधी द्या. निकालात नाव असो-नसो, प्रत्येक पाठवणाऱ्याला परीक्षकांच्या दोन ओळी कळवायच्या. याला वेळ लागतो. पण पुढच्या वर्षी तोच मुलगा दहा बऱ्या कविता घेऊन येतो तो या दोन ओळींमुळे.

आता प्रदर्शन. १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्याची सजावट नंदलाल बोस यांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साहित्यातून उभी केली होती. हे सांगतो ते एवढ्यासाठी, की ‘आपल्याकडे आर्ट गॅलरी कुठाय’ असं म्हणून प्रदर्शन रद्द करायचं नाही. हॉलच्या भिंतीला खिळा मारू देत नाहीत, ते बरोबरच आहे. मंडपवाल्याकडून लोखंडी पाइपांच्या चौकटी घ्या, त्यावर गोणपाटाचं कापड ताणून बसवा, सॅटिन नको, ते चमकतं आणि चित्र मरतं. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर आला पाहिजे. प्रत्येक फ्रेमला दोन दोऱ्या, एका दोरीवर चित्र फिरतं. दोन चित्रांत हातभर जागा सोडा. जास्त चित्रं लावायचा मोह होईल. तीसवर थांबा.

उजेडासाठी ट्यूबलाइट पुरत नाही आणि काचेत तिचीच पट्टी दिसते. एलईडी फोकस वरून तिरके सोडा. पश्चिमेच्या खिडक्यांना दुपारी कापड, नाहीतर जलरंगांवर ऊन येतं. हे सगळं आदल्या दिवशी करायचं असतं, आणि आदल्या दिवशी लाइट जाते, म्हणून जनरेटरवाल्याचा नंबर खिशात ठेवा. मुलांना एक सहल चाळीसगावला न्या, केकी मूस यांच्या घरी. आता तिथे त्यांचं संग्रहालय आहे. या माणसानं वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता टेबलावर छोट्या वस्तू मांडून, प्रकाश अडवत-सोडत निसर्गदृश्यं वाटावीत असे फोटो काढले. उजेड कसा टाकायचा यावर मी जे बोलेन त्यापेक्षा तिथे अर्धा तास उभं राहिलेलं बरं.

चित्र ताब्यात घेताना समोरून आणि पाठीमागून फोटो काढा, पावती द्या, आधीचा ओरखडा असेल तर पावतीवर लिहा. एका वर्षी माझ्या घाईनं एका मुलीच्या फ्रेमची काच फुटली आणि तुकड्यानं कागद चिरला. ती काही बोलली नाही. तिचे वडीलही नाही. मला मात्र अजून ते चित्र दिसतं. तेव्हापासून काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक, आणि ज्याला फ्रेम परवडत नाही त्याला आपण माउंट करून देतो. चित्राखालच्या पट्टीवर नाव, शीर्षक, माध्यम, आकार, साल आणि किंमत, एवढंच. कोणाचा मुलगा ते नको. चित्र विकलं गेलं तर पूर्ण रक्कम चित्रकाराची, संस्थेचं कमिशन शून्य. गोंदूरचे राम सुतार ज्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले तिथलं मेयो पदकही कोणाच्या तरी स्मरणार्थच ठेवलेलं आहे, आणि ते त्यांनी मिळवलं. पण पदकाच्या आधी कोणीतरी गावातल्या पोराला मुंबईचं तिकीट काढून दिलेलं असतं. पहिलं विकलेलं चित्र हे तसंच तिकीट.

कार्यक्रमाच्या दिवसाबद्दल फार नाही लिहीत, सगळे तेच करतात. तीन गोष्टी पाळा. मंचावर पाचपेक्षा जास्त खुर्च्या नकोत. आमदार आले तर आनंद आहे, पण भाषण पुरस्कार झाल्यावर. आणि सत्कारात शाली वाटत बसू नका, त्या पैशात आठ माउंट होतात. सरांच्या घरच्यांना पहिल्या रांगेत बसवा. वहिनींना बोलायचं असेल तर बोलू द्या, आग्रह करू नका.

कविसंमेलनात क्रम अंतरावरून लावा, ज्येष्ठतेवरून नको. अक्कलकुवा, धडगाव, रावेरचे कवी आधी, गावातले शेवटी. शेवटची एसटी गाठायची म्हणून एक मुलगा त्याची पाळी यायच्या आत पिशवी उचलून निघून गेला होता, विजेता होता तो. मोठ्या कवींना हे आवडत नाही. चालेल. रात्री दहाला स्पीकर बंद, पोलिस परवानगीत तसं लिहिलेलंच असतं. जेवण साधं, वरण-बट्टी आणि वांग्याचं भरीत. भरिताची वांगी थंडीतच खरी, त्यामुळे तारीख पुढे ढकलायचा विषय निघाला की मी हाच मुद्दा काढायचो आणि तो कधी हरला नाही. पुरस्काराचा चेक स्टेजवर खरा द्या, ‘नंतर खात्यावर पाठवू’ नको. नाव बँकेतल्यासारखं लिहा, ‘कवी’ वगैरे लावू नका, परत येतो.

झाल्यावरचं काम कोणी करत नाही. आठ दिवसांत सगळी चित्रं परत, पावतीवर सही घेऊन. निवडलेल्या कविता आणि चित्रं एका पुस्तिकेत, चित्राखाली माध्यम आणि मापासह. राज्य कला प्रदर्शनाला अर्ज करताना मुलांना ती जोडता येते. एक प्रत धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाकडे पाठवा. इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या ३१ डिसेंबरला धुळ्यात गेले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावानं हे मंडळ उभं राहिलं, कागद सांभाळण्याचं काम अजून करतंय. आपले कागद त्यांच्या तोलाचे नाहीत, पण पाठवायला काय जातं.

आणि हॉल. पुढच्या वर्षीचा रविवार त्याच आठवड्यात अर्ज देऊन धरा, लग्नवाले सहा महिने आधी येतात. हुकांचा डबा, नायलॉनच्या दोऱ्या आणि लेव्हलची बाटली माझ्या माळ्यावर आहे. शनिवारी या, शिडी मी धरतो.