थंडीच्या सकाळी बुजऱ्या घोड्यावर साठीनंतर कसे बसावे

गोव्यात थंडी ती कसली, असे पणजीतले स्नेही मला दर वर्षी ऐकवतात. त्यांनी पौषात पहाटे वाळपईच्या बाजूला येऊन म्हादई नदीवरचे धुके एकदा अंगावर घ्यावे. घोड्याला मात्र अशी हवा मानवते, कारण साधारण ५ ते २५ अंशांत त्याचे शरीर सर्वांत सुखात असते, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. एरवी दमट उकाड्यात मान खाली घालून चालणारे जनावर त्या दिवशी वारे प्यायल्यासारखे वागते, आणि त्याच सकाळी माझ्यासारख्या चौसष्टीच्या स्वाराचे खुबे व गुडघे आखडलेले असतात. आमच्या सत्तरी तालुक्यात शिगम्याच्या सणाला घोडेमोडणी या लोकनृत्याचे लाकडी घोडे पुष्कळ नाचतात, खरे घोडे मात्र मोजकेच, त्यामुळे सल्ला देणारे उदंड भेटतात.

घोड्याला आदल्या दिवशी काम नसेल तर त्याची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, कमी करावी आणि गवत वाढवावे. हेल्मेटाविना बसू नये, घरात कोणालाही न सांगता एकट्याने बाहेर पडू नये, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारावे. खरारा करून झाल्यावर लगामाचे लोखंड तळहातात धरून ऊबदार करावे. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, एका दमात आवळू नये. आधी सैल बांधावा, दहा पावले चालवून एक भोक पुढे घ्यावा आणि उरलेला बसण्याच्या क्षणी आवळावा. गार सकाळी एकदम आवळलेल्या तंगाने कित्येक घोडे पाठ फुगवतात. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे घोड्याला हातात धरून चालवावे, म्हणजे त्याचे आणि आपले दोघांचेही सांधे मोकळे होतात. एवढे करूनही त्याची मान खाली येत नसेल आणि फुरफुरणे थांबत नसेल, तर त्या दिवशी बसूच नये. चढताना चिऱ्यांच्या ओट्याचा आधार घ्यावा. जमिनीवरून खोगिराला लोंबकळून चढण्यात घोड्याची पाठ दुखते आणि आपली कंबरही.

खरी परीक्षा बसल्यानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत होते. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मी शेताच्या बांधालगत चाललो होतो. दंवाने गवत चिंब भिजलेले होते आणि घोड्याच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती, तेवढ्यात मागून पोदेराने, म्हणजे आमच्या पाववाल्याने, सायकलचा भोंगा वाजवला. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसत असले तरी शेपटीच्या सरळ मागचे दिसत नाही, आणि पोदेर नेमका तिथेच होता. घोडा खांबासारखा थांबला, मान वर गेली, पाठ फळीसारखी ताठ झाली. मी श्वास रोखला, दोन्ही गुडघे खोगिरात रुतवले आणि दोन्ही लगाम छातीकडे ओढले. पुढची वाट बंद झाल्यावर त्याने मागची धरली, मग बाजूला उडी मारली, आणि मी बांधावर पडून गळ्याजवळचे हाड मोडून घेतले. सहा आठवडे हात झोळीत होता. चूक घोड्याची नव्हती, पोदेराची तर नव्हतीच.

दोन्ही लगाम एकदम ओढले की घोडा कोंडला जातो, आणि कोंडलेले जनावर उसळते. म्हणून पाठ ताठ होत आहे असे वाटताच प्रथम तोंडाने आवाज करून श्वास सोडावा, कारण स्वाराने रोखलेला श्वास घोड्याला मांडीखालून कळतो. टाचा खाली ठेवाव्यात. मग फक्त एक लगाम बेताने आपल्या मांडीच्या दिशेने आणावा आणि दुसरा सैल सोडावा; त्या बाजूचा डोळा दिसेल इतकी मान वळली की घोड्याला मागचे पाय आडवे टाकावे लागतात, आणि पुढे उसळण्याचा जोर तिथेच निघून जातो. त्याने पाय टाकताच लगाम लगेच ढिला करावा. हे सोडणे मला सर्वांत उशिरा जमले, आणि ते जमले नाही तर बाकीचे सारे फुकट आहे. घोडा भरधाव सुटलेला असताना किंवा दंवाने निसरड्या झालेल्या जांभ्यावर असा लगाम कधीही खेचू नये, तो तोल जाऊन आपल्यासकट आडवा होईल. तेव्हा जागा असेल तर मोठे वर्तुळ धरून ते हळूहळू लहान करत आणावे.

घोड्याच्या गळ्यात एक जुना चामडी पट्टा बांधून ठेवावा आणि तोल जाताच तो धरावा. तोल सावरण्यासाठी लगामाला लोंबकळणारा हात घोड्याचे तोंड फाडतो. तरुण मुले या पट्ट्याला हसतात. त्यांची हाडे लवकर जुळतात.

ज्या वस्तूला तो बुजतो ती त्याला लांबून पाहू द्यावी, मग तिच्यापासून तोंड किंचित दुसरीकडे वळवून चालत्या पावलांनी पुढे न्यावे. मिरचीच्या मळ्यातले बुजगावणे पाखरांपेक्षा माझ्या घोड्याला जास्त लागू पडते. तिथे चाबूक मारला की भीती खरीच होती अशी त्याची खात्री पटते, त्यापेक्षा मानेच्या मुळाशी बोटांनी खाजवावे, घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात. “मालक कोण ते दाखवून द्या” म्हणणाऱ्यांना मी माझा खांदा दाखवतो. “आधी पळवून दमवा, मग बसा” हा सल्लाही तितकाच वाईट आहे, कारण रोज पळवलेल्या घोड्याचा दम वाढत जातो आणि खरोखर दमलेला घोडा ओल्या वाटेवर ठेचकाळतो.

मान खाली आली आणि पाठ मऊ झाली की दुडकी चाल धरावी. पुढचे सोपे आहे. परतताना शेवटची दहा मिनिटे सैल लगामाने चालवावे आणि घाम सुकेपर्यंत त्याला वाऱ्यात उभे करू नये. उतरताना दोन्ही पाय रिकिबीतून काढावेत आणि पुन्हा त्याच ओट्यावर उतरावे, कारण गार पडलेल्या घोट्यांवर जमिनीपर्यंतची उडी फार झोंबते. आमचा पोदेर आता वळणावरच एकदा भोंगा वाजवतो, आणि तो पुढे निघून जाईपर्यंत मी घोड्याचे तोंड त्याच्याकडे करून उभा राहतो.